नोरा औनोरचे सिनेमे कसे पाहावेत: सुरुवात पाण्याच्या बादलीपासून

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमची वाचेल. आखातातल्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग हॉस्टेलमध्ये मी अकरा वर्षं काढली. रूममेट फिलिपिनो, बिकोल भागातल्या नागा शहराची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पहिल्याच आठवड्यात तिने मला मोबाइलवर एक तुकडा दाखवला. टेकडीवर माइकसमोर एक बुटकीशी सावळी बाई, पुढे नजर पोचेल तिथवर माणसं, आणि ती ओरडते, "वालांग हिमाला!" म्हणजे चमत्कार वगैरे काही नसतो. तुकडा संपला तेव्हा रूममेटचे डोळे भरले होते. मला काहीच झालं नाही. "छान आहे," म्हटलं आणि चहा टाकायला उठले. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

तर पहिला नियम हा: नोरा औनोरची, म्हणजे त्या फिलिपिनो नटीची, ओळख त्या तुकड्यापासून करून घेऊ नका. कोणी पाठवला तरी उघडू नका. तो सिनेमा म्हणजे 'हिमाला' (आपला हिमालय नव्हे, तगालोग भाषेत हिमाला म्हणजे चमत्कार). तो पाहायचाच आहे, पण त्याची पाळी यायला वेळ आहे.

आता थोडं नात्यांचं. तगालोगमध्ये मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. आपल्याकडे आते म्हणजे बापाची बहीण, त्यामुळे रूममेटला आते म्हणताना माझी जीभ सुरुवातीला अडखळायची. नोराचं लाडाचं नाव 'गाय', म्हणून चाहते तिला 'आते गाय' म्हणतात. हे ऐकून मी फिस्सकन हसले. तो आमचा दुसरा अबोला.

बाईंची माहिती लागेल तेवढीच देते. जन्म 21 मे 1953, इरिगा, कामारिनेस सूर प्रांत. घरची गरिबी, लहानपणी रेल्वे स्टेशनवर पाणी विकलं. 1967 मध्ये 'तावाग नांग तांगहालान' ही गाण्याची स्पर्धा जिंकली आणि तिथून सिनेमात आली. त्या वेळी तिथल्या पडद्यावर गोऱ्या, स्पॅनिश-अमेरिकन वळणाच्या नायिकांची चलती होती, आणि ही सावळी, ठेंगणी, गावाकडची. आमच्या आतेच्या आईने म्हणे घरातल्या आरशाशेजारी नोराचा फोटो लावला होता. का लावला, ते आतेने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझाही रंग सावळाच आहे.

सिनेमे दीडशेहून जास्त. सगळे पाहायचा हट्ट धरू नका, त्यातले पुष्कळ पोरवयातले गाण्यांचे आहेत. तिर्सो क्रूझ तिसरा याच्याबरोबर तिची जोडी 'गाय अँड पिप' म्हणून गाजली. त्याने तिला दिलेल्या बाहुलीचं नाव मारिया लिओनोरा तेरेसा, आणि ती बाहुलीसुद्धा देशभर प्रसिद्ध झाली. त्या काळातलं एखादं गाणं ऐका, चेहरा ओळखीचा करून घ्या, दहा मिनिटं पुरेत. पुढे तिने काय काय मोडून टाकलं हे कळण्यापुरतं ते बघायचं.

खरी सुरुवात 'बोना'पासून करा. 1980 चा सिनेमा, दिग्दर्शक लिनो ब्रोका, निर्मिती नोराच्याच कंपनीची. बोना ही बऱ्या घरातली मुलगी सिनेमातल्या एका दुय्यम नटाच्या, गार्डोच्या, नादी लागते. शाळा आणि घर सोडून त्याच्या झोपडपट्टीतल्या खोलीत राहायला जाते. बायको म्हणून नाही आणि पगारी मोलकरीण म्हणूनही नाही. त्याचं सगळं करते. पाणी भरते, तापवते, त्याला अंघोळ घालते.

इथे थांबा आणि नीट बघा. मी नर्स आहे, दुसऱ्याला अंघोळ घालणं हे माझं पोटापाण्याचं काम. स्पंजिंग करताना आम्ही पेशंटच्या तोंडाकडे फारसं बघत नाही. नजर कातडीवर असते, कुठे लाल झालंय, कुठे फोड आलाय. हात एकीकडे, मन पुढच्या बेडवर. बोनाचं सगळंच उलटं. ती देवाच्या मूर्तीला स्नान घालावं तशी त्याला घालते, आणि गार्डो मूर्तीसारखाच बसतो, कारण त्याला ते आपल्या हक्काचं वाटतं. आता सिनेमाची सुरुवात आठवा. मनिलातल्या कियापो भागात दर 9 जानेवारीला काळ्या येशूची, ब्लॅक नाझरीनची, मिरवणूक निघते. लाखोंची गर्दी मूर्तीला हात लावायला, रुमालाने पुसून घ्यायला झटते. ब्रोकाने सिनेमा उघडलाय तो या गर्दीत. पहिल्या वेळी मला वाटलं, उगाच धार्मिक देखावा घातलाय. दुसऱ्या वेळी अंघोळीचा प्रसंग आला तेव्हा माझी ट्यूब पेटली.

म्हणून 'बोना' दोनदा पाहा. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा मधलीच पंधरा मिनिटं घ्या, आवाज पूर्ण बंद करा आणि फक्त तिच्याकडे लक्ष ठेवा. दुसरं कोणी बोलत असेल तेव्हा तर जास्तच. नोराचं अर्ध काम समोरचा बोलत असताना चालतं. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की पाण्यावरची नजर काढू नका.

हे पाण्याचं मला आतेने दाखवलं. ती हुशार बाई, पण सिनेमावर बोलताना वॉर्डात हँडओव्हर द्यावा तशी बोलायची, दोन वाक्यांत. "स्टेशनवर पाणी विकलं. मग पडद्यावर आयुष्यभर पाणी भरलं." तेव्हा मला ते भाबडं वाटलं होतं. पुढे एकेक सिनेमा बघत गेले. 'हिमाला'त दुष्काळ. 'दाय वूम'मध्ये समुद्रावर उभी असलेली घरं. 'ताक्लुब'मध्ये गाव गिळून गेलेली लाट. प्रत्येक सिनेमात पाणी आहे असा दावा मी करणार नाही, ओढूनताणून जुळवण्यात अर्थ नाही. पण एक वही ठेवा. मी जुन्या ड्यूटी रोस्टरच्या पाठकोऱ्या कागदांची केली होती. प्रत्येक सिनेमाला तीनच गोष्टी लिहायच्या: ती काय काम करते, ती गप्प कधी होते, आणि पाणी असेल तर कुठे. अभिनय कसा वाटला ते लिहू नका. "अप्रतिम", "काळजाला भिडणारा" असले शब्द वहीत आले की बघणं थांबतं.

'काम' हा कप्पा बारकाईने भरा, कारण तिच्या भूमिकांची विविधता तिथेच सापडते. वेगवेगळे विग आणि वेश घालून मिरवणारी ही नटी नव्हे. चेहरा तोच, अंगकाठी तीच, बदलतं ते हातातलं काम. शाळामास्तरीण, नर्स, मोलकरीण, सुईण, तुरुंगातली गरोदर बाई. यादीतली ही शेवटची भूमिका मारियो ओ'हाराच्या 1984 च्या 'बुलाक्लाक सा सिटी जेल'मधली. जमलं तर तोही बघा, त्यातल्या प्राणिसंग्रहालयातल्या प्रसंगाबद्दल आधी काही वाचू मात्र नका.

सबटायटल्सबद्दल एक सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. तगालोगमध्ये 'पो' म्हणून एक छोटा शब्द आहे. मोठ्या माणसाशी किंवा अदबीने बोलताना वाक्यात तो येतो, आपल्या अहो-जाहोसारखा. इंग्रजी सबटायटलमध्ये तो गळून पडतो, कारण इंग्रजीत त्याला जागाच नाही. कान तयार ठेवा. कोण कोणाला 'पो' म्हणतंय, कोण म्हणत नाही, मध्येच कोणी म्हणायचं सोडलं का, हे ऐकलंत तर खालची पट्टी सांगत नाही तेवढं कळेल. आपल्याला हे सोपं जातं. अहोवरून अरेवर आलेलं भांडण आपण भिंतीपलीकडूनही ओळखतो.

'बोना'नंतर 1976 च्या दोन सिनेमांकडे या. पहिला 'मिन्साय इसांग गामु-गामो', दिग्दर्शिका लुपिता अकिनो-कोन्सिओ. गामु-गामो म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग. होसे रिझाल या त्यांच्या राष्ट्रपुरुषाला लहानपणी आईने पतंगाची आणि दिव्याची गोष्ट सांगितली होती, ती तिथे शाळकरी पोरांनाही माहीत असते. सिनेमात दिवा म्हणजे अमेरिका. कोराझोन ही नर्स अमेरिकेला निघालीय, आणि घर क्लार्क या अमेरिकन हवाई तळाजवळ. तिच्या भावाला तळावरचा पहारेकरी गोळी घालतो आणि म्हणतो, रानडुक्कर वाटलं. त्यावर ती जे ओरडते, माझा भाऊ डुक्कर नव्हता, ते वाक्य फिलिपिनो लोकांना तोंडपाठ आहे. आमच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये कोणी कोणाला चुकून डुकराची उपमा दिली की मागून ते वाक्य यायचंच, नाटकी आवाजात, आणि सगळ्या हसायच्या. विनोद आधी माझ्या कानांवर आला, सिनेमा नंतर. सिनेमा पाहिल्यावर त्या विनोदाला मला हसू येईना. त्या कशा हसू शकतात, हे आतेला विचारलं. ती म्हणाली, "तू बाहेरची आहेस ना, म्हणून."

दुसरा 'तात्लोंग ताओंग वालांग द्योस', म्हणजे देवाविना तीन वर्षं. दिग्दर्शक मारियो ओ'हारा, निर्मिती पुन्हा नोराची. दुसऱ्या महायुद्धातला जपानी अंमल. रोसारियो ही गावातली शिक्षिका. तिच्यावर अत्याचार करणारा अधिकारी अर्धा जपानी, अर्धा फिलिपिनो, आणि पुढे तिचं आयुष्य त्याच्याशीच बांधलं जातं. ही गोष्ट सहज घशाखाली उतरत नाही, उतरूही नये. तो अधिकारी केलाय क्रिस्टोफर दे लिऑनने, तेव्हाचा तिचा खरा नवरा. या भूमिकेसाठी तिला गावाद उरियान हे समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, आणि पारितोषिकाचं ते पहिलंच वर्ष होतं. बघताना एकच प्रश्न मनात ठेवा: तिरस्कार नेमका कुठल्या प्रसंगात बदलायला लागतो? मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा वेगळा प्रसंग लिहिला. वहीत तिन्ही तसेच आहेत.

आता 'हिमाला'. 1982, दिग्दर्शक इश्माएल बर्नाल, लेखक रिकी ली. चित्रीकरण इलोकोस नोर्तेमधलं, उजाड, वाळूचं. कुपांग हे कल्पित गाव, दुष्काळाने करपलेलं. ग्रहणाच्या वेळी एल्सा नावाच्या मुलीला टेकडीवर मेरी माता दिसते, मग ती आजारी माणसांना हात लावून बरं करू लागते. गावात गर्दी लोटते, धंदा येतो, कॅमेरा घेऊन एक सिनेमावालाही येतो. 1983 मध्ये हा बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. 2012 मध्ये एबीएस-सीबीएन या तिथल्या टीव्ही कंपनीने त्याची दुरुस्त केलेली प्रिंट आणली, मिळाली तर तीच बघा.

हा चौथा किंवा पाचवा सिनेमा असायला हवा असं मी म्हणते, कारण तोवर तुम्हाला तिच्या गप्प राहण्याची सवय झालेली असते. एल्सा जवळजवळ अख्खा सिनेमा खालच्या आवाजात आहे. चेहरा मिटलेला. खरी आहे की खोटी, याचा थांग ती लागू देत नाही. दीड तासाहून जास्त वेळ हे बघितल्यावर ती माइकसमोर उभी राहते, तेव्हा त्या ओरडण्याला वजन येतं. मी मोबाइलवर पाहिला तो तुकडा म्हणजे रक्ताच्या बाटलीवरचं नुसतं लेबल होतं. आणखी एक: ज्या बाईला खुद्द तिचे चाहते देवीसारखी पुजतात, स्वतःला 'नोरानियन' म्हणवतात, तीच बाई हजारो माणसांसमोर उभी राहून म्हणतेय की तुमचे देव तुम्हीच बनवता. गर्दीतली माणसं कोणासाठी आली होती, एल्सासाठी की नोरासाठी? तिचं बोलून झालं की तिच्याकडे बघणं सोडा आणि गर्दीचे चेहरे बघा.

जाता जाता: नोरानियनांच्या विरोधात 'विल्मानियन' असतात, विल्मा सांतोस या दुसऱ्या नटीचे भक्त. या वादात बाहेरच्याने पडू नये. आमच्याकडे एकदा यावरून ओव्हनची पाळी बदलली गेली होती.

'द फ्लॉर कोन्टेम्प्लासिऑन स्टोरी' कधी पाहायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण सुट्टीच्या दिवशी करमणूक म्हणून लावू नका. फ्लॉर ही सिंगापुरात घरकाम करणारी फिलिपिनो बाई. दुसरी एक फिलिपिनो मोलकरीण आणि तिच्याकडे सांभाळायला असलेलं मूल यांच्या खुनासाठी तिला दोषी ठरवलं गेलं, आणि 17 मार्च 1995 ला फाशी झाली. ती निर्दोष होती असं फिलिपाइन्समध्ये असंख्य लोकांना वाटत होतं. प्रकरण इतकं पेटलं की परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावं लागलं, आणि परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी त्याच वर्षी नवा कायदा झाला. सिनेमाही त्याच वर्षी आला, जखम ओली असतानाच. दिग्दर्शक जोएल लामांगान. कैरोच्या महोत्सवात सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम अभिनेत्री, दोन्ही. सिनेमा म्हणून मला तो जरा भडक वाटतो, पार्श्वसंगीत तर नकोच होतं. हे मी कॉमन रूममध्ये बोलून दाखवलं नाही. तिथे बावीस-तेवीस बायका होत्या, सगळ्यांचे पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात, सगळ्यांची पोरं दुसऱ्या देशात. नोरा पडद्यावर मुलांचा निरोप घेत होती आणि मागे कोणीतरी हळूच उठून घरी फोन लावायला गेलं.

त्यालाच जोडून गिल पोर्तेसचा 'मेरिका' (1984) बघता येईल. न्यू जर्सीतली फिलिपिनो नर्स, मायदेशी परतावं की राहावं या घालमेलीत. 'गामु-गामो'मधली नर्स अमेरिकेला गेली असती तर, असं समजून पाहिलात तर तो जास्त बोलतो. दोन्ही एका आठवड्यात उरका.

शेवटी ब्रियान्ते मेंडोझाचे दोन. 'दाय वूम' (2012) व्हेनिसच्या स्पर्धेत होता, आणि त्यासाठी तिला आशिया पॅसिफिक स्क्रीन अवॉर्ड मिळालं. तावी-तावी बेटांवरचे बजाव लोक, पाण्यावर खांब रोवून बांधलेली घरं. शालेहा ही सुईण. गावाची बाळंतपणं तिने केली, स्वतःला मूल नाही. म्हणून नवऱ्यासाठी दुसरी बायको ती स्वतःच शोधते आणि हुंड्याचे पैसे उभे करायला राबते. हुंडा तिथे नवऱ्याकडून जातो, हे लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ होईल. सिनेमा सुरू होतो बाळंतपणाने आणि संपतो बाळंतपणाने. लेबर रूममध्ये मी चार वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते: पहिल्या प्रसंगातली शालेहा आणि शेवटच्या प्रसंगातली शालेहा एकच काम करतात, पण शेवटी ते बाळ कोणाचं आहे हे लक्षात घेऊन तिच्या चेहऱ्याकडे बघा. संवाद जवळजवळ नाहीच.

या गप्पपणाला आणखी एक बाजू आहे. 2010 च्या सुमारास एका शस्त्रक्रियेनंतर तिचा गाण्याचा आवाज गेला. ज्या आवाजाने स्टेशनवरून उचलून तिला मनिलाला नेलं, तो आवाज. 'दाय वूम' त्यानंतरचा. नाइट ड्यूटी करून आल्यावर हा लावू नका, मी लावला आणि झोपले. संथ आहे. सकाळी, पोट भरलेलं असताना, पडदे ओढून बघा.

'ताक्लुब' (2015) सगळ्यात शेवटी. 8 नोव्हेंबर 2013 ला योलांडा वादळाने ताक्लोबान शहर उद्ध्वस्त केलं, त्यानंतरची गोष्ट. हरवलेल्या पोरांना शोधणारी आई, बेबेथ. त्या वादळानंतरचे तीन दिवस आमच्या मजल्यावरची एक मुलगी फोन लागेना म्हणून जिन्यातच बसून होती. तिच्या घरचे वाचले. ती हा सिनेमा बघायला आली नाही आणि तिला कोणी बोलावलंही नाही.

प्रिंटबद्दल: जुने सिनेमे बरेचदा खराब प्रतीत मिळतात, रंग उडालेले, आवाज फाटलेला. 'बोना'ची दुरुस्त प्रिंट 2024 मध्ये कान महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात दाखवली गेली. तुम्हाला ती मिळाली तर तुम्ही माझ्याहून नशीबवान. माझ्याकडे अजून आतेने पेनड्राइव्हवर दिलेली कॉपी आहे. तिच्यात रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात.

16 एप्रिल 2025 ला नोरा गेली, वय 71. तीन वर्षांपूर्वीच, 2022 मध्ये, तिला राष्ट्रीय कलावंत हा तिथला कलेतला सर्वोच्च मान मिळाला होता. आते आता नागाला परतलीय, मी माझ्या घरी. तिची घड्याळं आमच्यापेक्षा अडीच तास पुढे. त्या शनिवारी रात्री आम्ही व्हिडिओ कॉल लावून, दोघींनी तीच जुनी कॉपी एकदमच सुरू करायची ठरवली. तीन, दोन, एक म्हणून बटण दाबलं, तरी तिची चार-पाच सेकंद पुढेच धावली. शेवटचा पाण्याचा प्रसंग आला. माझ्या पडद्यावर बोना अजून भांड्यापाशीच उभी होती, आणि फोनमधून आतेने श्वास रोखलेला मला ऐकू आला.